तीन, तीन, दोन

आमच्या शाळेत गणिताच्या बाई होत्या. त्या शिक्षकांना नावाने हाक मारत नसत, विषयाने मारत. "अहो इतिहास, तुमचा डबा खाली पडलाय." "भूगोल आले का?" चित्रकलेचे सर वयाने सगळ्यांत मोठे, म्हणून ते 'चित्रकलाराव'. मी इंदापूरला रुजू झाले त्या दिवशी मुख्याध्यापकांनी माझं नाव, गाव, शिक्षण सगळं सांगून ओळख करून दिली. बाईंनी मान थोडी तिरकी करून ऐकून घेतलं आणि विचारलं, "विषय?"

"मराठी," मी म्हणाले.

"बरं. मराठी, इकडे बसा."

त्यानंतर शेवटपर्यंत मी त्यांच्यासाठी मराठीच राहिले. 'बसा'चं 'बस' मात्र आठवड्याभरात झालं.

मी निरवांगीची. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. आजोबांपर्यंत मेंढरं होती, वडिलांनी शेती धरली. मी बारामतीला वसतिगृहात राहून शिकले आणि नव्वद सालानंतर दोन-तीन वर्षांत मला ही नोकरी लागली. नोकरी लागली, पण एकट्या मुलीला खोली द्यायला इंदापुरात कोणी तयार होईना. कोणी विचारायचं, लग्न कधी? कोणी विचारायचं, कोणाकोणाचं येणं-जाणं असेल? बाई एकट्याच राहायच्या. त्यांनी मला पुढची खोली दिली आणि प्रश्न एकच विचारला, "गाणी मोठ्यानं लागलेली चालतात का?"

"चालतात की."

"मला मोठ्यानंच लावावी लागतात. उजवा कान गेलाय. डावा निघायच्या तयारीत आहे." कुठल्या गाडीने जाणार ते सांगावं तसं त्यांनी सांगितलं.

त्यांच्या घरात कान लवकर म्हातारे व्हायचे. वडिलांचे पन्नाशीच्या आत गेले होते. वडिलांना सिनेमाच्या गाण्यांचा भारी नाद. कान गेल्यावरही शब्द सगळे पाठ होते. दुपारी ओसरीवर बसून ते एकेक गाणं म्हणायचे, पाढे म्हणावेत तसं सपाट. चाल निघून गेली होती. "शब्द राहतात गं," बाई मला म्हणाल्या. "चाल राहत नाही. अण्णा मला विचारायचे, हे कसं होतं? मी त्यांच्यासमोर बसून गायचे. ते माझ्या तोंडाकडे बघत राहायचे."

त्या वेळी बाई कॉलेजात गणित शिकत होत्या. त्यांनी तेव्हाच ठरवलं की आपलेही कान जाणार आहेत, पण चाली जाऊ द्यायच्या नाहीत. हजार गाण्यांच्या हजार चाली डोक्यात राहणं शक्य नाही. पण गणितातही उदाहरणं हजार असतात आणि रीती दहा-बाराच. गाण्यांचंही तसंच असेल तर? हजार गाण्यांच्या खाली दहा-बारा सांगाडे सापडले, तर ते पक्के धरून ठेवायचे, आणि कान गेल्यावर त्यांच्यावर एकेक गाणं परत उभं करायचं. हे सगळं त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात मेथी निवडता निवडता सांगितलं. मला वाटलं, चेष्टा करतायत. मी हसले. त्यांनी मेथीची काडी मोडली आणि म्हणाल्या, "हस. अजून ऐकू येतंय मला."

शास्त्रीय संगीताच्या वाटेला बाई गेल्या नाहीत. "ती माणसं आपलं आपण मोजतात, त्यांना माझी काय गरज," असं म्हणायच्या. त्यांना हवी होती एसटी स्टँडवरची, पानपट्टीवरची, लग्नातल्या बँडची, गणपतीच्या मांडवातली गाणी. जे गाणं शाळेतल्या शिपायापासून डॉक्टरीणबाईंपर्यंत सगळे गुणगुणतात, त्यात काहीतरी सारखं असलंच पाहिजे, असा त्यांचा पक्का विश्वास. "सगळं गाव एकदम वेडं होत नसतं, मराठी. कारण असतं."

कारखाने सुरू झाले की त्यांचा खरा हंगाम सुरू व्हायचा. उसाच्या ट्रॅक्टरवर तेव्हा मोठमोठे कर्णे लावायची पद्धत होती. दोन-दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर यायचा तो लांबूनच गात यायचा. शाळा सुटली की बाई हमरस्त्याच्या कडेला, पिशवी काखेत धरून, डावा कान रस्त्याकडे करून उभ्या राहायच्या. उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवर फिरत असायचा. ट्रॅक्टरवाल्या पोरांना त्या माहीत झाल्या होत्या. एक जण मुद्दाम गाडी हळू करायचा.

"बाई, झालं का मोजून? का परत लावू?"

"मधलं कडवं लाव."

"आवो, मागं लाईन लागलीय."

"मग कारखान्यावरून रिकामा येताना लाव. मी थांबते."

आणि त्या थांबायच्या. मला लाज वाटायची. गावातली माणसं येता-जाता बघायची. मी खेड्यातून आलेली, कोणी आपल्याकडे बोट दाखवू नये म्हणून अंग चोरून चालणारी. बाईंच्या शेजारी उभं राहायचं म्हणजे माझं अंग चोरायला जागाच नसायची. आज वाटतं, मी ताठ चालायला शिकले ते त्या रस्त्याच्या कडेला.

सातवीचा वर्ग त्यांच्या तासाला पाढे म्हणायचा तो बाकांवर ठेका धरून. आवाज पार ऑफिसपर्यंत जायचा. एकदा मुख्याध्यापक दारात येऊन म्हणाले, "बाई, तमाशा चाललाय असं वाटतंय बाहेर."

"तमाशात कोणी झोपत नाही, सर," बाई म्हणाल्या.

मुख्याध्यापक गेले. पोरांनी तेराचा पाढा पुढे चालू केला.

माझ्या बोलण्याकडेही त्यांचं लक्ष असायचं. शाळेत मी अगदी पुस्तकातलं बोलायचे. वडील बाजाराला आले आणि ओट्यावर टेकले की माझं 'हाय', 'न्हाय', 'कुठं' सुरू व्हायचं, आणि बाई आल्या की मी लगेच थांबायचे. त्या म्हणाल्या, "तुझ्या दोन लयी आहेत. वडिलांशी बोलतेस तेव्हा शब्दाच्या शेवटी टेकतेस. शाळेत टेकतच नाहीस, पळतेस. पहिली जाऊ देऊ नकोस. चांगली आहे." तोवर माझं घरचं बोलणं चांगलं आहे असं मला शिकलेल्या माणसाने कधी सांगितलं नव्हतं.

वडिलांना त्या एकदा म्हणाल्या, "आबा, तुम्ही ओव्या म्हणता ना? म्हणा की. मी मोजते."

वडिलांनी धोतराचा सोगा सावरला, घसा साफ केला आणि सुरू केलं. दुसऱ्या ओळीला अडखळले. परत सुरू केलं, परत अडखळले. "न्हाय व्हायचं बाई," ते म्हणाले. "तुमी बोटं हलवताय, माजं ध्यान तिकडंच जातंय. ह्ये कसं झालंय, जेवताना कुणी घास मोजावं तसं झालंय."

बाई खूप हसल्या. त्यांनी हात पाठीमागे घेतला. वडिलांनी मग तीन ओव्या सरळ म्हटल्या. पाठीमागे बोटं चालूच होती, ते मला दिसत होतं. वडिलांना दिसत नव्हतं.

त्यांच्या संशोधनातली सगळ्यांत मोठी फजितीही सांगितली पाहिजे, कारण ती त्या स्वतःच येईल त्याला सांगायच्या. संध्याकाळी वीज नसायची, म्हणून त्यांचा टेपरेकॉर्डर सेलवर चालायचा. स्टँडजवळचा कॅसेटवाला त्यांना कॅसेटी ऐकायला द्यायचा. महिन्याच्या सुरुवातीला नव्या आलेल्या, आणि मग जसजशा नव्या संपतील तसतशा जुन्या. बाई घड्याळ समोर ठेवून ठेक्याचा वेग मोजायच्या. दोन-तीन महिन्यांनी त्यांना ठळक फरक दिसला. नवी गाणी जलद होती, जुनी गाणी चांगलीच संथ होती. एके दिवशी मधल्या सुट्टीत त्यांनी शिक्षकांच्या खोलीत जाहीर केलं, "जमाना घाईत आलाय. माझ्याकडे पुरावा आहे." भूगोलाच्या सरांनी मान डोलावली. चित्रकलाराव म्हणाले, हे आपल्याला आधीच कळलं होतं.

मग एकदा महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मी निरवांगीहून येताना वाटेत सेल घेतले आणि बाईंना न विचारता टेपमध्ये घातले. बाईंनी जुनी कॅसेट लावली. गाणं एकदम दौडत सुटलं. बाई घड्याळाकडे बघत राहिल्या. कॅसेट थांबवली. परत लावली. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सेल कोणी बदलले?"

"मी."

त्या मटकन खाली बसल्या. त्या पगार झाला की नवे सेल आणत. महिनाभर ते उतरत जायचे, टेप हळूहळू मंदावायचा, आणि नेमक्या तेव्हाच कॅसेटवाला जुनी गाणी द्यायचा. "म्हणजे तीन महिने मी गाणी मोजलीच नाहीत," बाई म्हणाल्या, "सेल मोजले." आणि त्यांना असं हसू फुटलं की शेजारच्या काकू भिंतीपलीकडून विचारायला आल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते शिक्षकांच्या खोलीत सांगून टाकलं. त्यानंतर वर्षभर इतिहासाचे सर रोज सकाळी विचारायचे, "काय बाई, जमान्याला नवे सेल घातले का?"

पण त्याच वर्षी त्यांना खरंच काहीतरी सापडलं, आणि ते माझ्या तासाला. मी नववीला वृत्तं शिकवत होते. लघु अक्षराची एक मात्रा, गुरू अक्षराच्या दोन. बाई व्हरांड्यातून चालल्या होत्या, त्या दारात थांबल्या आणि थेट आत आल्या.

"मराठी, थांब. लघु एक, गुरू दोन. मग चार मात्रांची जागा किती तऱ्हांनी भरता येईल?"

पोरं फळ्याकडे बघायला लागली. बाईंनी खडू घेतला. चारही लघु, ही एक तऱ्हा. दोन्ही गुरू, ही दुसरी. एक गुरू आणि दोन लघु असतील तर गुरू आधी, मध्ये किंवा शेवटी, अशा तीन. एकूण पाच. मग तीन मात्रांच्या तीन निघाल्या, दोन मात्रांच्या दोन, एकीची एक. पाच मात्रांच्या भरता भरता फळा अपुरा पडला. त्या आठ निघाल्या.

"एक, दोन, तीन, पाच, आठ," बाई म्हणाल्या. "असं का? शेवटचं अक्षर बघा. ते लघु असेल तर त्याच्या आधी चार मात्रा भरायच्या, त्याच्या पाच तऱ्हा. गुरू असेल तर आधी तीनच भरायच्या, त्याच्या तीन तऱ्हा. पाच आणि तीन?"

"आठ," वर्ग ओरडला.

मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो माझ्या तासाला खिडकीबाहेर बघत असायचा, तो म्हणाला, "मग सहाच्या तेरा व्हत्याल, बाई."

बाईंनी त्याला खडू देऊन टाकला. संध्याकाळी घरी आल्यावर माझ्यावर रागावल्या. "तुझ्या विषयात हे होतं आणि तू मला सांगितलं नाहीस."

"मला माहीतच नव्हतं, बाई."

"मलाही नव्हतं. म्हणजे भांडण मिटलं."

तेव्हापासून त्या गाणी माझ्या लघु-गुरूच्या खुणांनी लिहायला लागल्या. आणि त्या खुणांमधून, एका ट्रॅक्टरच्या गाण्यात, एका मांडवातल्या गाण्यात, एका लावणीच्या कॅसेटमध्ये, पुन्हा पुन्हा एकच गोष्ट वर यायला लागली. आठ मात्रा, पण चार-चार अशा सरळ मोडलेल्या नाहीत. तीन, तीन, दोन. त्या पोळपाटावर बोटांनी वाजवून दाखवायच्या. "ऐक. पहिले तीन झाले. परत तीन झाले. आता मनाला वाटतं की आणखी तीन येणार, आणि दोनच येतात. मन पुढे जाऊन पडतं. तिथं पाय उचलतो, मराठी. आख्खं गाव नाचतं ते त्या एका कमी पडलेल्या मात्रेवर."

मी पोळपाटाकडे बघत उभी होते आणि माझी टाच आपोआप हलत होती. बाईंनी ते पाहिलं. इतका आनंद झालेलं माणूस मी फार कमी वेळा बघितलंय. एक सांगाडा हाती आला होता. त्या वर्षाअखेरीपर्यंत आणखी चार-पाच आले. कान जाण्याआधी काम पुरं होईल असं त्यांना वाटायला लागलं, आणि खरं सांगायचं तर मलाही.

मग बावडा गावातलं ते लग्न झालं. आमच्या शिपायाच्या पुतणीचं. भर उन्हात वरात निघाली होती. बँड चांगला होता, लाल कोट घातलेले वाजवणारे, पुढे छातीवर बिल्ला लावलेले मास्तर. बाई नेहमीप्रमाणे बँडच्या पुढे जाऊन उलट्या चालायला लागल्या, तोंड बँडकडे, पाठ रस्त्याकडे, बोटं पेरांवर. मी त्यांच्या दंडाला धरून खड्डे चुकवत होते. नवरदेवाच्या मामाने मला विचारलं, "ह्या कुनाकडच्या? नवरीकडच्या का आमच्याकडच्या?"

"गणिताकडच्या," मी म्हणाले.

मामाला ते गाव कुठलं ते कळलं नाही, पण त्याने मान डोलावली आणि आमच्यावर अत्तर शिंपडलं.

गाणं त्या हंगामात सगळीकडे वाजणारं होतं. बाई मोजत होत्या, चेहरा खुललेला होता. मधलं कडवं आलं. तिथं बाकीची वाद्यं गप्प होतात आणि एकटी क्लॅरिनेट वाजते. पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्याने डोळे मिटून सुरू केलं. नाचणारी पोरंसुद्धा जरा थांबली. बाई चालता चालता थबकल्या. त्यांनी त्या म्हाताऱ्याच्या बोटांकडे पाहिलं, मग मास्तरांकडे, आणि म्हणाल्या, "यांचं वाद्य बिघडलंय का? बोटं तर हलतायत."

मास्तरांनी हातानेच विचारलं, काय?

"हे वाजवत का नाहीत?"

"आवो बाई," मास्तर जवळ येऊन म्हणाले, "आता त्योच तर वाजतुय की. दुसरं कोन वाजतंय?"

मास्तरांना वाटलं, बाई थट्टा करतायत. ते हसले आणि मागे वळून त्या म्हाताऱ्याला म्हणाले, "तात्या, जरा जोरात. बाईस्नी ऐकू येईना." तात्यांनी गाल फुगवून आणखी वर नेलं. आजही तो आवाज माझ्या कानात आहे, उन्हासारखा लखलखीत. बाई त्यांच्या समोर उभ्या होत्या, दोन हातांवर, आणि त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. मग ढोल परत सुरू झाला. तो त्यांना ऐकू आला. त्यांनी माझा हात धरला, बाजूला झाल्या आणि वरात पुढे जाऊ दिली.

वडापची जीप मिळेपर्यंत आम्ही लिंबाखाली बसलो होतो. बाई वरात गेली त्या रस्त्याकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "बारीक, वरच्या पट्टीतले आवाज आधी जातात, असं अण्णा म्हणायचे. मला वाटलं होतं, जाताना कळेल."

पुढची दोन वर्षं घाईची गेली. बारामतीच्या डॉक्टरांनी कानाचं मशीन दिलं. ते लावलं की वर्गातला पंखा घरघरायचा आणि पोरांचं बोलणं त्यात बुडायचं. "हे मशीन मला पंख्याचं गाणं ऐकवतं, ते मी आधीच मोजलंय," म्हणून त्यांनी ते कपाटात ठेवून दिलं. शाळेची घंटा ऐकू येईना तेव्हा पोरांनी आपणहून ठरवलं की घंटा झाली की पहिल्या बाकावरच्याने हात वर करायचा. कोणी त्यांना फसवलं नाही. त्यांच्या वर्गात दंगा करायला पोरांना लाज वाटायची. घरी मी त्यांचा कान झाले होते. त्या विचारायच्या, "आता काय वाजतंय?" मी सांगायचे, सनई आली, गेली, आता नुसता ठेका. त्या खुणा लिहायच्या. शेवटी शेवटी टेपरेकॉर्डरवर हात ठेवून ऐकायच्या.

मुदतीच्या आधीच त्यांनी नोकरी सोडली आणि धाकट्या भावाकडे बारामतीला राहायला गेल्या. जाताना सांगाडे पुरे झाले होते. "अकरा," त्या म्हणाल्या. "बारावा असेल तर तो माझ्याशिवाय राहील." ट्रकमध्ये सामान चढत होतं आणि त्या अगदी समाधानी दिसत होत्या. आता पुढचं काम सोपं होतं. सांगाड्यावर गाणं उभं करायचं.

मी रविवारी जायचे. पहिल्या पहिल्यांदा त्या शाळेचंच विचारायच्या, गाण्यांचा विषय काढायच्या नाहीत. मी पाटीवर लिहून उत्तरं द्यायचे, कारण तोवर डावा कानही पुरता गेला होता. एका रविवारी मी दारात पोचले तर त्यांची भावजय म्हणाली, "बरं झालं आलात. वन्सं तीन दिवस झाले, धड जेवत नाहीत. तुमचीच वाट बघतायत."

बाई माडीवर गॅलरीत बसल्या होत्या. मला बघून त्यांनी टेबलावर बोटांनी वाजवलं. तीन, तीन, दोन. तीन, तीन, दोन. अगदी चोख. मग थांबल्या.

"बरोबर आहे ना?"

मी मान हलवली.

"सांगाडा पक्का बसलाय. पण त्याच्यावर कोण येऊन उभं राहतं माहीत आहे? सगळी येतात. दारात गर्दी झाल्यासारखी. एकाचंही तोंड नीट दिसत नाही." त्यांचा आवाज आता वर-खाली व्हायचा, तो त्यांना कळत नसे. "सारखं काय आहे ते शोधत बसले मी. ते सापडलं. माझं गणित कुठंच चुकलं नाही. पण गाणं असतं ते त्याच्या वेगळेपणात. ते मी लिहिलंच नाही. ते कानात आहे म्हणून निर्धास्त होते."

मी पाटीवर लिहिलं, 'नाही बाई.' मग ते खोटं वाटलं, म्हणून पुसलं.

खाली रस्त्यावरून एसटी गेली. बाईंनी तिच्याकडे पाहिलंही नाही. त्या माझ्याकडे बघत होत्या. मला गाता येत नाही, आणि गायले असते तरी त्या माझ्या तोंडाकडे बघत बसल्या असत्या. मला मराठी येत होतं. तेवढंच येत होतं.

इंदापूरला आमच्या शेजारी एक शिंपी होता. तो सकाळी दुकान उघडलं की रोज एकच गाणं लावायचा. मी पेन्सिल घेतली आणि लिहिलं, 'शिंप्याच्या दुकानातलं गाणं. सुरुवातीला गाणारी गात नाही, कोणाशी तरी बोलल्यासारखी दोन शब्द म्हणते. मग एकदम गाणं होतं.'

बाईंनी वाचलं. पाटी मांडीवर ठेवली. "पुढे?"

मी लिहिलं, 'मधे बासरी येते ती थोडी उशिरा येते. चुकली की काय असं वाटतं. भर कोर्टात नाव पुकारल्यावर मागच्या बाकावरून कोणी उठावं तशी.'

त्यांच्या ओठांच्या कडा हलल्या. "हां. उशिरा येते."

'दुसरं कडवं संपताना गाणारी श्वास घेते. तो ऐकू येतो. तेवढ्या जागी शिंपी मशीन थांबवायचा.'

बाईंनी ते दोनदा वाचलं. मग डोळे मिटले. भावजय चहा घेऊन वर आली, तिला मी हातानेच थांबवलं. गाणं त्यांच्यापर्यंत पोचलं की फक्त शिंपी पोचला, हे मला तेव्हा कळलं नाही, आणि मी विचारलं नाही. नंतरच्या रविवारीही कधी विचारलं नाही, आणि आता विचारायला बाई नाहीत.

"हो," त्या डोळे मिटूनच म्हणाल्या. "घेते श्वास."

मग त्यांनी पदराने पाटी स्वच्छ पुसली, माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "दुसरं सांग."